वर्षाला बावन्न पुस्तकं, बावन्न परीक्षणं: सीमाभागातल्या वाचकासाठी कामाचा क्रम

जानेवारी उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच वाचक मंडळी संकल्प करतात: यंदा शंभर पुस्तकं वाचणार आणि प्रत्येकावर लिहिणार. पाडव्यापर्यंत वाचन बऱ्यापैकी पुढं गेलेलं असतं, लिखाण मात्र तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापाशी अडकलेलं असतं. परीक्षणं साचत जातात, वाचलेलं पुसट होतं आणि मे महिन्यात सगळंच सुटतं. यात आळसाचा भाग फार थोडा असतो. चुकतो तो क्रम. आधी आकडा जाहीर होतो, मग पुस्तकं शोधली जातात, मग जमेल तसं वाचलं जातं आणि परीक्षण उरल्यासुरल्या वेळेवर ढकललं जातं.

खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तो लावण्याआधी एक नियम पक्का करा: परीक्षण लिहून पूर्ण होत नाही तोवर ते पुस्तक आकड्यात धरायचं नाही. मोजायची ती परीक्षणं. हा एक नियम पाळला तरी निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

१. आकडा ठरवण्याआधी वेळ मोजा

घड्याळ लावून दहा पानं वाचा. कादंबरीची दहा, वैचारिक पुस्तकाची दहा, आणि कन्नड वाचत असाल तर कन्नडची दहा. तिन्ही वेळा वेगवेगळ्या येतील. मराठी कादंबरीचं एक पान साधारण दोन मिनिटांत होतं असं धरून पुढचा हिशेब करतो. तुमचा आकडा वेगळा आला तर तो घाला.

सरासरी १८० पानांचं पुस्तक म्हणजे ३६० मिनिटं, सहा तास. नीट परीक्षणाला टाचणं चाळणं, कच्चा खर्डा, पक्का खर्डा आणि टंकन धरून अडीच तास सहज जातात. म्हणजे एका पुस्तकाचा खरा खर्च साडेआठ तास. बहुतेक जण फक्त सहा तास धरतात आणि तिथंच गाडी घसरते.

वर्षाचे दिवस ३६५ धरू नका, ३०० धरा. लग्नं, यात्रा, आजारपण, पाहुणे यांत उरलेले जातातच. रोज एक तास मिळत असेल तर ३०० तासांत साधारण ३५ पुस्तकं बसतात. थोडी सवड ठेवून ३२ धरा. रोज दीड तास असेल तर ५२ जमतात, पण तिथं सवडीला जागा उरत नाही, तेव्हा सुटीच्या दिवशी थोडा जास्त वेळ काढावा लागेल. शंभरासाठी रोज दोन तास पन्नास मिनिटं लागतात, तीही तीनशेच्या तीनशे दिवस. निवृत्त माणसाला हे शक्य आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला किंवा दोन लहान मुलांच्या आईला तो आकडा सांगणं म्हणजे त्यांना आधीच नापास करणं आहे.

*तपासा:* हा वेळ दिवसातून नेमका कुठून निघणार, ते घड्याळाच्या वेळेसह लिहून काढलंत का? "रात्री जमेल तेव्हा" हे उत्तर चालणार नाही. खानापूरहून बेळगावला रोज रेल्वेनं येणाऱ्याला डब्यात वाचता येतं. बसमध्ये मात्र वाचू नका, डोळ्यांना त्रास होतो आणि वाचलेलं टिकतही नाही. बसची वेळ परीक्षणाचं पहिलं वाक्य मनात जुळवण्यासाठी ठेवा.

२. काय धरायचं, काय नाही: नियम कागदावर

नियम आधी लिहिले नाहीत की नोव्हेंबरमध्ये आकडा भरण्यासाठी मन पळवाटा काढतं. वहीच्या पहिल्या पानावर एवढ्या गोष्टी स्पष्ट करा.

दिवाळी अंक धरायचा का? माझं मत: पूर्ण वाचला आणि पूर्ण अंकावर लिहिलं तरच, आणि वर्षात दोनच. कवितासंग्रह धरायचा, पण दोनदा वाचल्यावर. ऐंशी पानांचा संग्रह एका बैठकीत उरकून पुस्तक मोजणं हा कवितेवर अन्याय आहे. पुन्हा वाचलेलं पुस्तक चालेल; पहिल्या वाचनातलं मत आता बदललं की टिकलं, ते परीक्षणात आलं पाहिजे. ऐकलेलं पुस्तक वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण पान उलटून अवतरण तपासता येत नाही. मुलांची पुस्तकं मुलांसोबत वाचली असतील तर जरूर धरा, त्यांचं मतही लिहा.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकासाठी पन्नास पानांची मुदत ठेवा. तिथवर पकड आली नाही तर सोडून द्या, पण का सोडलं ते चार ओळींत लिहा. ते आकड्यात येणार नाही, वहीत मात्र राहील. न आवडणारं पुस्तक हट्टानं ओढत बसल्यामुळं तीन आठवडे वाया गेलेले वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत.

३. पुस्तकांची सोय

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा टप्पा दोन ओळींत उरकता येतो. आपल्याला इथं सर्वात जास्त डोकं लावावं लागतं. मराठी पुस्तकांचं दुकान प्रत्येक तालुक्याला नाही, महाराष्ट्रातून मागवलेलं पार्सल यायला वेळ लागतो, आणि हातात पुस्तक नाही म्हणून दहा दिवस रिकामे गेले की सवय मोडते. म्हणून वर्ष सुरू होण्याआधी पहिल्या तीन महिन्यांची पुस्तकं कुठून येणार ते ठरलेलं हवं.

वाचनालयापासून सुरुवात करा. बेळगावातलं सार्वजनिक वाचनालय, शहापुरातलं सरस्वती वाचनालय अशी जुनी वाचनालयं आपल्याकडं आहेत, आणि गावोगावची लहान वाचनालयं वेगळी. नाव नोंदवताना फक्त वर्गणी आणि अनामत विचारून परत येऊ नका. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, मुदत फोनवर वाढवून मिळते का, दुसऱ्याकडं गेलेलं पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवतात का, आणि बंद कपाटांतली जुनी पुस्तकं मागितली तर काढून देतात का, एवढं सगळं विचारा. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरा खजिना बहुधा त्याच कपाटांत असतो. ग्रंथपालांना तुमचा बेत सांगा. "सर, यंदा एवढी पुस्तकं वाचून लिहिणार आहे, आत्मचरित्रांत काय काय आहे आपल्याकडं?" असं विचारल्यावर जे दाखवलं जातं ते यादीत सापडत नाही.

पुस्तक घेतल्यावर त्याचा दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयानं त्या प्रतीला दिलेला नोंद क्रमांक, वहीत टिपून ठेवा. सहा महिन्यांनी एखादं अवतरण पुन्हा तपासायचं झालं तर तीच प्रत, तीच आवृत्ती मिळते.

दुसरी सोय हिवाळ्यातल्या साहित्य संमेलनांची. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळची ग्रंथदिंडी, भाषणं, कविसंमेलन, आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. तिथं जाताना यादी आणि ठरलेली रक्कम घेऊन जा. यादीशिवाय गेलात की एकाच प्रकारची सहा पुस्तकं पिशवीत येतात, तीही बहुधा मुखपृष्ठ बघून घेतलेली. दुपारच्या जेवणाच्या वेळी स्टॉलवर गर्दी कमी असते. तेव्हा पुस्तक उघडून मधलं एखादं पान वाचा आणि मग ठरवा.

कोल्हापूर, गडहिंग्लजला कामानिमित्त जाणं होत असेल तर त्या फेरीला खरेदी जोडा. निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळच आहे. घरबसल्या मागवायची तर पाच-सहा पुस्तकं एकदम मागवा. एकेक मागवलं की पाठवणीचा खर्च पुस्तकाच्या किमतीला जाऊन भिडतो. खेडेगावात राहत असाल तर पार्सल घरपोच येतं की तालुक्याच्या कार्यालयातून आणावं लागतं, ते आधी विचारून घ्या.

फुकट आणि कायदेशीर असा एक मार्ग आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा प्रताधिकार (कॉपीराइट) संपतो. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचं लेखन आता सर्वांना खुलं आहे. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर अशी पुस्तकं मोबाइलवर वाचता येतात. आयत्या वेळी हातात काही नसेल त्या दिवसासाठी असं एक पुस्तक मोबाइलमध्ये कायम ठेवा.

*सावधान:* व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चालू लेखकांच्या पीडीएफ घेऊ नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती एरवीही लहानच निघते. त्यातल्या पन्नास प्रती अशा बुडाल्या तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक छापायला कोणी धजत नाही.

आता कन्नडबद्दल. आपल्यापैकी अनेकांना कन्नड वाचता येतं, शाळेत शिकलेले असतात, पण पुस्तक म्हणून कन्नड हातात घेत नाहीत. ग्रामपंचायतीची ग्रंथालयं आता अरिवु केंद्र या नावानं चालतात, तिथं बहुतांश कन्नड पुस्तकं असतात आणि ती अगदी घराजवळ मिळतात. वर्षात निदान तीन कन्नड पुस्तकं ठेवा, पातळ ठेवा. ज्या कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे ती दोन्ही भाषांतून वाचा आणि अनुवादावर लिहा. संवादातला राग मराठीत उतरला का, गावाकडची बोली पुण्याच्या मराठीत सपाट झाली का, हे सांगू शकणारा वाचक सीमाभागाइतका दुसरीकडं क्वचितच सापडेल. हे काम आपण केलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

*तपासा:* पहिल्या बारा पुस्तकांची नावं आणि ती कुठून मिळणार हे लिहिलेलं आहे का? बारांत निदान चार वेगवेगळे प्रकार आहेत का? सलग पाच कादंबऱ्या ठेवल्यात की पाचवीचं परीक्षण पहिलीसारखंच उतरतं.

४. वर्षाची आखणी आपल्या पंचांगाप्रमाणे

दर आठवड्याला एक पुस्तक, ही आखणी कागदावर छान दिसते आणि आपल्याकडं टिकत नाही. भातशेती असेल तर जून-जुलैत रोपलावणीच्या दिवसांत रात्री पान उलटायची ताकद उरत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडं ऊस असेल तर तोड येते तेव्हा तुमचा दिवस तुमचा नसतो. शिक्षकांना मार्च-एप्रिलमध्ये एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या परीक्षेची कामं. एप्रिल-मेमध्ये गावच्या यात्रा, लग्नं, आणि बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. पुढं गणपतीचे अकरा दिवस.

कॅलेंडर पुढ्यात घेऊन हे सगळे दिवस आधी खोडून टाका. त्या दिवसांत परीक्षण लिहायचं नाही, फक्त वाचायचं, तेही कथा किंवा ललित लेख, जे तुकड्या-तुकड्यांनी वाचता येतात. जाड कादंबरी आणि इतिहास मोकळ्या महिन्यांत टाका. खानापूर, कणकुंबीकडं पाऊस लागला की बाहेरची कामं अडतात. शेतीचं काम नसलेल्यांना ते दिवस मोठ्या पुस्तकासाठी उत्तम. वीज जाते हे धरून चार्जिंगचा दिवा तयार ठेवा.

*सावधान:* पावसाळ्यात वाचनालयाचं पुस्तक उघड्या पिशवीतून नेऊ नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. ओलसर भिंतीला लागून ठेवलेल्या पुस्तकावर बुरशी धरते, जुन्या पुस्तकांना कसर लागलेली असते आणि ती घरच्या पुस्तकांत पसरते. वाचनालयाची जुनी पुस्तकं घरच्या कपाटात ठेवूच नका, टेबलावर वेगळी ठेवा. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकलं की पानं वाकतात. पंख्याखाली उभं उघडून ठेवा आणि पानांमध्ये कोरे कागद घाला.

५. वाचायला बसण्याआधी पाच मिनिटं

पहिलं पान वाचण्याआधी मुद्रणाचं पान बघा आणि वहीत उतरवा: पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक असेल तर त्याचं नाव, प्रकाशन, आवृत्ती, साल, पानं, किंमत. हे शेवटी करू म्हटलं की पुस्तक परत गेलेलं असतं आणि परीक्षणात प्रकाशनाचं नावच नसतं.

इथं एक चूक वारंवार होते. पुनर्मुद्रणाचं साल हेच पुस्तकाचं साल समजून "अलीकडंच आलेली ही कादंबरी" असं लिहिलं जातं, आणि पुस्तक असतं चाळीस वर्षांपूर्वीचं. पहिली आवृत्ती कधीची, ती ओळ शोधा. दोन्ही सालं लिहा. दुसरी चूक अनुवादकाला वगळण्याची. तुम्ही वाचलेलं प्रत्येक मराठी वाक्य त्या माणसानं लिहिलेलं आहे. त्याचं नाव न घेता भाषेची स्तुती करणं योग्य नाही.

प्रस्तावना आणि मलपृष्ठ आत्ता वाचू नका. शेवटी वाचा. आधी वाचलं की दुसऱ्याचं मत तुमच्या परीक्षणात तुमचं म्हणून शिरतं.

६. वाचताना टाचण

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनंही खुणा नकोत. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि पुस्तकात ठेवा. काही लक्षात आलं की पट्टीवर पान क्रमांक आणि चार-पाच शब्द. पूर्ण वाक्य लिहू नका, वाचनाची लय तुटते.

काय टिपायचं हा खरा प्रश्न आहे. सुंदर वाक्यं टिपायचा मोह होतो, पण परीक्षणाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. जिथं तुम्ही थांबलात ती जागा टिपा. जिथं पटलं नाही, जिथं कंटाळा आला, जिथं एखादं पात्र अचानक वेगळ्याच भाषेत बोलायला लागलं, जिथं मागची दहा पानं पुन्हा बघावीशी वाटली.

समजा, एका कथासंग्रहातली सासू-सुनेची गोष्ट वाचताय. पट्टीवर एवढंच येईल:

"पा. ४२ – सासू आत येताना आधी चुलीकडं बघते. बोलत नाही."
"पा. ४७ – पुन्हा चूल. आता सून बघते."
"पा. ५१ – शेवट सांगून टाकला! गरज नव्हती."

तीन ओळी. पण या तीन ओळींवर त्या कथेबद्दलचा अख्खा परिच्छेद उभा राहतो: लेखिका नातं बोलण्यातून न दाखवता नजरेतून दाखवते, ती नजर सासूकडून सुनेकडं सरकते, आणि शेवटी तिनं स्वतःवरच विश्वास ठेवला नाही म्हणून ते स्पष्ट सांगून टाकलं. अशा पट्ट्या नसतील तर महिन्याभरानं तुम्ही लिहाल, "स्त्रीमनाचं प्रभावी चित्रण".

*तपासा:* १८० पानांच्या पुस्तकात पंधराच्या आसपास पट्ट्या पुरतात. चाळीस झाल्या तर तुम्ही पुस्तक उतरवून काढताय. तीनच असतील तर लक्ष दुसरीकडं होतं.

७. पुस्तक मिटल्याच्या रात्री

शेवटचं पान संपलं की झोपण्यापूर्वी वहीत अर्धं पान लिहा. शुद्धलेखन, वाक्यरचना काही बघू नका. काय वाटलं, काय खटकलं, काय अजून डोक्यात फिरतंय. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टंकित करा, चुका राहू द्या. हे परीक्षण नव्हे. हा कच्चा माल आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी तसा मिळत नाही.

मग दोन ते चार दिवस थांबा. लगेच लिहिलेल्या परीक्षणात भारावलेपण किंवा चीड जास्त येते. दोन आठवड्यांनी लिहिलेल्यात काहीच येत नाही. या मधल्या दिवसांत पुढचं पुस्तक सुरू करायला हरकत नाही, पण त्याच्या निम्म्यावर पोचण्याआधी मागचं परीक्षण झालंच पाहिजे. एका वेळी एकच परीक्षण शिल्लक राहू शकतं. दुसरं शिल्लक राहायची वेळ आली की वाचन बंद, आधी लिखाण. हा नियम कडक वाटतो, पण याच्याशिवाय ऑगस्टमध्ये बारा परीक्षणांचा डोंगर समोर उभा राहतो आणि तो कोणीही चढत नाही.

८. परीक्षण लिहिणं

लांबी ३५० ते ५०० शब्द. क्रम असा ठेवा.

पहिल्या वाक्यात पुस्तकाबद्दलचं तुमचं म्हणणं. "नुकतंच अमुक पुस्तक वाचनात आलं" हे वाक्य कायमचं सोडून द्या. वरच्या उदाहरणात पहिलं वाक्य असं होऊ शकतं: "या संग्रहातली माणसं जिथं गप्प बसतात तिथं कथा सर्वात चांगली होते." वाचणाऱ्याला लगेच कळतं की इथं कोणी काहीतरी बघितलेलं आहे.

दुसऱ्या परिच्छेदात पुस्तक कशाबद्दल आहे ते, एकूण लांबीच्या पाव हिश्शात. कथानक इथंच संपवा. आपल्याकडच्या परीक्षणांतली सर्वात मोठी खोड हीच, की पाचशेपैकी चारशे शब्द गोष्ट सांगण्यात जातात आणि उरलेल्या शंभरात "लेखकाला शुभेच्छा".

मग पुरावा. पट्ट्या पुढ्यात घ्या, त्यांतल्या दोन-तीन जागा निवडा आणि त्या कशा चालतात ते दाखवा. एखादं छोटं अवतरण द्या, पान क्रमांकासह, पुस्तकाशी ताडून. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातलं कलम ५२ परीक्षणासाठी वाजवी प्रमाणात उतारा घ्यायला मुभा देतं. अख्खी कविता किंवा दोन पानं उतरवून घेणं त्यात बसत नाही.

मग काय जमलं नाही ते, तेवढ्याच नेमकेपणानं. "भाषा थोडी क्लिष्ट आहे" हे पुरेसं नाही. कुठल्या पानावर, कुठल्या प्रकारचं वाक्य, आणि त्यामुळं वाचणाऱ्याचं काय होतं, तेही सांगा. शेवटी हे पुस्तक कोणासाठी आहे ते एका वाक्यात. "सर्वांनी अवश्य वाचावं" असं पुस्तक क्वचितच असतं. "शेती सोडून शहरात आलेल्याला हे जवळचं वाटेल, पण सलग गोष्ट हवी असणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये" हे उपयोगी पडतं.

अप्रतिम, खिळवून ठेवणारं, अंतर्मुख करणारं, ओघवती शैली, संग्राह्य. या शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि खर्ड्यात ते आले की खोडा. खोडल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल तर ते वाक्यही काढा.

आपल्या भागातल्या लेखकाच्या पुस्तकाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. इथं लेखक ओळखीचा असतो. संमेलनात भेटलेला असतो, नात्यातला असतो, पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापून स्वतःच्या हातानं दिलेलं असतं. शिवाय इथं मराठीत लिहिणं हीच मोठी गोष्ट, म्हणून प्रत्येक पुस्तक डोक्यावर घ्यायचं असा एक अलिखित संकेत आहे. त्यामागची कळकळ मला पूर्ण समजते, तरी मी तो पाळत नाही आणि तुम्हीही पाळू नका. सरसकट कौतुकामुळं इथल्या चांगल्या पुस्तकाला त्याची जागा मिळत नाही, कारण वाईटालाही तेच शब्द वापरून झालेले असतात. ओळख असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. लेखक माणूस म्हणून किती कष्टाळू, किती साधा, यावर एकही वाक्य नको, मजकुरावर लिहा. परीक्षण छापण्याआधी लेखकाला दाखवू नका. दाखवलं की घरी चहा होतो आणि दोन परिच्छेद गळतात. त्रुटी सांगताना आवाज शांत ठेवा, पण त्या सांगा. आणि आपल्या बोलीत लिहिलेले संवाद खरे उतरले आहेत का, हे आवर्जून तपासा. बेळगावची, खानापूरकडची, निपाणीकडची बोली एकमेकींत मिसळून टाकलेली असते, आणि बाहेरच्या परीक्षकाला ते कळत नाही.

*तपासा:* पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव बोटानं झाका आणि परीक्षण मोठ्यानं वाचा. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला हे लागू पडतंय का? पडत असेल तर पट्ट्यांकडं परत जा.

*सावधान:* वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवणार असाल तर मजकूर युनिकोडमध्ये टंकित करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडं उघडला की अक्षरांचा चिवडा होतो आणि तो कोणी दुरुस्त करत बसत नाही.

९. नोंद आणि महिन्याचा आढावा

एक साधी सारणी पुरते: क्रमांक, नाव, प्रकार, भाषा, कुठून मिळालं, वाचून झाल्याची तारीख, परीक्षण झाल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर बघत राहा. ते आठवड्याच्या पुढं जायला लागलं की आकडा खाली आणायची वेळ आली. बावन्नाचे चाळीस करा, आणि ते मे महिन्यातच करा; डिसेंबरमध्ये करू नका. आकडा कमी केल्यानं कामाची प्रत घसरत नाही. आकडा टिकवण्यासाठी पातळ पुस्तकं शोधायला लागलात की नक्की घसरते.

एक जोडीदार शोधा. सारखीच पुस्तकं वाचणारा नको, सारखंच काम करणारा हवा. महिन्यातून एकदा एकमेकांची दोन परीक्षणं वाचा आणि जिथं कंटाळा आला तिथं रेघ मारा. कारण सांगायची गरज नाही, रेघ पुरे.

मागं पडलात तर रोजचा वेळ वाढवून भरून काढायच्या नादी लागू नका, दोन दिवसांत दम जातो. त्याऐवजी एक आठवडा नवं पुस्तक उघडू नका, फक्त साचलेलं लिहा. पट्ट्या आणि त्या रात्रीचं अर्धं पान असेल तर महिन्यामागचं पुस्तकही लिहिता येतं. दोन्ही नसेल तर ते परीक्षण सोडून द्या, क्रमांक रिकामा ठेवा आणि पुढं चला. न आठवणाऱ्या पुस्तकावर मलपृष्ठ बघून लिहू नका.

१०. डिसेंबरचे शेवटचे दिवस

२० डिसेंबरनंतर नवं पुस्तक घेऊ नका. राहिलेलं एखादं परीक्षण पूर्ण करा, मग वर्षभराची सगळी परीक्षणं सलग वाचा. कुठला शब्द पुन:पुन्हा येतोय, कुठल्या प्रकारची पुस्तकं तुम्ही टाळलीत, स्त्रियांची किती, कन्नडची किती, आपल्या भागातली किती, हे सारणीतून पाच मिनिटांत निघतं. पुढच्या वर्षाच्या पहिल्या बारा पुस्तकांची यादी त्यावरूनच करा.

परीक्षणांची एक प्रत छापून, साध्या फाइलला लावून, ज्या वाचनालयातून पुस्तकं आणलीत तिथं द्या. प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर दाखल क्रमांक लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कपाटातून पुस्तक काढून घेता येईल. पन्नास पानांवर सोडून दिलेल्या पुस्तकांच्या चार-चार ओळीही त्याच फाइलमध्ये लावा.